रोटरीची पहिली माणसे आणि आपली खालची खोली

(सिनेगॉगच्या वर्धापन दिनाच्या सभेत महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आजच्या सभेत महिला मंडळातर्फे कोणीतरी दोन शब्द बोलावेत अशी चिठ्ठी आली, तेव्हा पुष्कळांनी गृहीत धरले की आम्ही जन्मभर नर्सिंग केलेल्या बायका, म्हणजे रक्तदाब, साखर आणि गुडघेदुखी यांवरच बोलणार. बोलण्यासारखे आहेच. पहिल्या दोन रांगांतल्या मंडळींनी मघाशी चहाबरोबर सामोसे किती घेतले ते आम्ही पाहिले आहे. पण आज विषय दुसरा आहे. रोटरी क्लब ज्यांनी सुरू केला त्या पहिल्या माणसांची हकिकत सांगायची आहे.

रोटरीचे नाव ऐकले नाही असा इथे कोणी नसेल. मुंबई-पुण्याला, ठाण्याला, कुठे पाणपोईवर तर कुठे बसथांब्याच्या बाकावर ते दातेरी चाकाचे चिन्ह आपण लहानपणापासून पाहिले. मोठ्या लोकांचा, सुटाबुटातल्या लोकांचा क्लब एवढीच आपली समजूत. ही माणसे मुळात का एकत्र आली आणि त्यांना दुसऱ्यासाठी काही करण्याची बुद्धी कशी झाली, हे आम्हालाही नोकरीतून निवृत्त झाल्यावर, वाचायला सवड मिळाली तेव्हा कळले. आजच ते सांगण्याचे कारण असे, की पुढच्या महिन्याच्या सर्वसाधारण सभेत आपल्या खालच्या खोलीचा ठराव येणार आहे. त्या ठरावात भांडणाचा जो मुद्दा आहे, अगदी त्याच मुद्द्यावर ही माणसे १९०६ साली अडली होती.

रोटरीशी आमचा संबंध आला तो थेंबांमुळे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस आम्ही मुंबईत नर्सिंगच्या डिप्लोमाचे शिक्षण घेत होतो. मुलांच्या वॉर्डात पोलिओची मुले असत. पायाला लोखंडी पट्ट्यांचे, चामड्याच्या पट्ट्यांचे कॅलिपर. रात्रपाळीला दिवे मंद केलेले असत, आणि फरशीवर खट्‌खट् असा आवाज आला की कुठले मूल बाथरूमला निघाले आहे ते न बघताही आम्हाला कळत असे. आईबाप कोकणातून, घाटावरून मुलाला खांद्यावर घेऊन येत आणि एकच प्रश्न विचारीत, "सिस्टर, चालेल ना?" आम्ही अठरा-वीस वर्षांच्या मुली, काय सांगणार? डॉक्टरांना विचारा म्हणायचो आणि ट्रे घेऊन पुढे जायचो.

मग १९८६ साली आम्ही आलिया करून इथे आलो. उल्पानमध्ये अलेफ-बेत गिरवली, परीक्षा दिली, टिपत हलावमध्ये लागलो. पोलिओ तिकडेच राहिला अशी आमची समजूत होती. आणि २०१३ साली इथे, आपल्या शेजारच्या राहत गावच्या सांडपाण्यात, पोलिओचा विषाणू सापडला. त्या वेळी कामावर असलेल्या आम्हा नर्सेसना तो उन्हाळा विसरता येणार नाही. २००५ पासून या देशात फक्त सुईची लस दिली जात होती. ती मुलाला लुळे होऊ देत नाही, पण त्याच्या आतड्यातून विषाणू दुसऱ्याकडे जायचा थांबत नाही. तो थांबवायला तोंडातले थेंब लागतात. ऑगस्टमध्ये आधी दक्षिणेत आणि मग साऱ्या देशात थेंब सुरू झाले. नऊ लाखांवर मुलांना ते दिले गेले आणि त्या साथीत एकाही मुलाचा पाय गेला नाही. नव्या नर्सेसनी ती बाटली कधी हातात धरलेली नव्हती. आम्ही धरलेली होती. मुलाचे गाल कसे दाबायचे, थुंकले तर पुन्हा कसे द्यायचे, हे आम्ही त्यांना मुंबईच्या सवयीने दाखवले. हिब्रूत घोषणा होती "श्तेइ तिपोत", दोन थेंब. भारतात तेव्हा "दो बूंद" चाललेच होते.

हे थेंब जगभर पोचवण्यामागे कोण होते ते तेव्हा शोधले, आणि रोटरीचे नाव आले. १९७९ साली त्यांनी फिलिपीन्समधल्या साठ लाख मुलांची लस अंगावर घेतली. १९८५ मध्ये पोलिओप्लस हा कार्यक्रम काढला आणि जागतिक आरोग्य संघटनेने जगातून पोलिओ घालवण्याचा ठराव केला तो त्यानंतर, १९८८ साली. भारतातला शेवटचा रोगी हावड्याची एक लहान मुलगी, जानेवारी २०११. मार्च २०१४ मध्ये भारताला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले त्या दिवशी आम्ही जुन्या मैत्रिणींनी एकमेकींना फोन केले. कोणी फारसे बोलले नाही.

आता मूळ माणसांकडे वळू.

पॉल हॅरिस हा वकील. जन्म १८६८ चा, अमेरिकेतल्या रसीन गावचा. बापाचा धंदा बुडाला म्हणून तीन वर्षांचा असताना त्याला आजी-आजोबांकडे, व्हर्मांट प्रांतातल्या वॉलिंगफर्ड नावाच्या खेड्यात पोचवले. तिथेच तो वाढला. १८९१ ला वकिलीची पदवी घेतली आणि लगेच वकिली न करता पाच वर्षे देश पालथा घातला. बातमीदार झाला, मनुका भरण्याच्या कारखान्यात राबला, नाटक मंडळीत काम केले, गुरे हाकली, हॉटेलात रात्रीचा कारकून झाला, संगमरवर विकला, गुरांच्या बोटीवरून इंग्लंडला जाऊन आला. आपल्याकडे अशा मुलाला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि त्याचे लग्न जमणे कठीण. (त्याचेही उशिरा झाले, बेचाळिसाव्या वर्षी.) १८९६ मध्ये मात्र तो शिकागोत स्थिरावला आणि वकिलीची पाटी लावली.

अशील मिळाले, ओळखी झाल्या, पण मित्र नव्हता. रविवार त्याला खायला उठत असे. बागेत जायचे, माणसे बघायची आणि खोलीवर परत यायचे. खेड्यात दुकानदार नावाने हाक मारी, इथे शेजारच्या खोलीतला माणूसही अनोळखी. १९०० सालच्या उन्हाळ्यात एका वकील मित्राने त्याला जेवायला बोलावले आणि जेवणानंतर आपल्या वस्तीत फिरायला नेले. वाटेत तो प्रत्येक दुकानाशी थांबे, दुकानदाराला नावाने बोलावी, हॅरिसची ओळख करून देई. एवढीच गोष्ट. पण हॅरिसच्या मनात ती पाच वर्षे घोळत राहिली.

हे आम्ही वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ बसलो. मेरकाज क्लितामधला आमचा पहिला शाब्बाथ आठवला. खिडकीतून वाळवंट. खालच्या मजल्यावर निरनिराळ्या देशांची माणसे आपापल्या भाषेत बोलत होती, आणि पेणची, पनवेलची, रेवदंड्याची कोणी बाई भेटावी म्हणून आम्ही जिन्यात उभ्या होतो. तुमच्यातले जे १९५० च्या सुमारास आले त्यांनी याहून वाईट दिवस पाहिले, पत्र्याच्या माबारात काढले. हे सिनेगॉग काय, आधी कोणाच्या तरी घरातल्या बैठकीच्या खोलीत भरत होते. आपल्या चालीवर तफिला म्हणायला मिळावी, मलिद्याच्या ताटाभोवती आपली माणसे असावीत, एवढ्यासाठी. तेव्हा एकटेपणावर क्लब निघतो याचे आपल्याला नवल वाटायला नको.

तारीख २३ फेब्रुवारी १९०५, गुरुवार. हॅरिस आणि त्याचा मित्र सिल्व्हेस्टर शीले, कोळशाचा व्यापारी, हे एका इटालियन खानावळीत जेवले आणि चालत युनिटी बिल्डिंगमध्ये गेले. तिथे ७११ नंबरच्या खोलीत गस्टेव्हस लोहर या खाण इंजिनियरची कचेरी होती. लोहर आणि हायरम शोरी नावाचा शिंपीकामाचा व्यापारी वाट बघत होते. चार माणसे, चौघेही खेड्यांतून आलेले. असे ठरले की दर खेपेला पाळीपाळीने एकेकाच्या धंद्याच्या जागी जमायचे. पाळी फिरत जाते म्हणून नाव रोटरी. पुढे आलेला पाचवा माणूस हॅरी रगल्स, छापखानेवाला. सभा रटाळ झाली की हा खुर्चीवर उभा राहून "चला, गाऊ या" म्हणून ओरडे, आणि रोटरीत गाण्याची प्रथा पडली ती त्याच्यापासून. आपल्या सभेतही असा एक माणूस हवा असे आमच्यातल्या पुष्कळ जणींचे मत आहे.

आता नीट ऐका, कारण पुढचा भाग रोटरीवाले स्वतः फार मोठ्याने सांगत नाहीत. सुरुवातीच्या त्या क्लबाने समाजसेवा वगैरे काहीही केले नाही. एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा असा नियम होता, आणि तो अशासाठी की सभासदांनी एकमेकांकडूनच माल घ्यावा. कोळसा शीलेकडून, छपाई रगल्सकडून, कज्जा हॅरिसकडे. कोणी कोणाला किती धंदा दिला याची नोंद ठेवायला एक कारभारी होता. १९०६ च्या आरंभी घटना लिहिली गेली तिच्यात उद्देश दोनच होते, सभासदांच्या धंद्याची वाढ आणि सभासदांमधला स्नेह. दोन्ही चांगलेच. पण दोन्ही सभासदांचेच.

त्या वर्षीच्या वसंतात फ्रेडरिक ट्वीड नावाचा सभासद, काचेच्या धंद्यातला, डोनाल्ड कार्टर या पेटंटच्या वकिलाकडे गेला. क्लबचे गुण गायले, घटना वाचायला दिली, सभासद व्हा म्हणाला. कार्टरने वाचली आणि नकार दिला. सभ्यपणे दिला, पण दिला. त्याचे म्हणणे असे होते, की जो क्लब फक्त आपल्या सभासदांचे भले बघतो तो टिकायचा नाही. सभासद नसलेल्या कोणासाठी काही करणार असाल तर मात्र यात पुष्कळ दम आहे.

विचार करा. बाहेरचा माणूस, अजून वर्गणीही दिलेली नाही, आणि आपल्या घटनेत खोड काढतो. आपल्याकडे काय झाले असते? "कोण हा टिकोजीराव?" म्हणून विषय संपला असता. त्याच्या आजोबांनी १९३० साली कोणत्या मुकादमाशी भांडण केले होते तेही निघाले असते. ट्वीडने तसे केले नाही. तो ते म्हणणे क्लबात घेऊन गेला. क्लबाने कार्टरलाच सांगितले, मग तू लिही काय लिहायचे ते. कार्टरने तिसरा उद्देश लिहिला, शिकागो शहराच्या हिताचा आणि नागरिकांच्या कर्तव्याचा. आणि मग तो सभासद झाला.

आमच्या मते रोटरीचा खरा जन्म त्या दिवशी झाला. हॅरिस संस्थापक आहेच, त्याचे श्रेय कोण काढून घेणार? पण ट्वीडने परत येऊन निरोप दिला नसता तर शिकागोतला तो व्यापाऱ्यांचा क्लब दहा-वीस वर्षांत विरून गेला असता, असे आम्हाला वाटते. ट्वीडचे नाव फारसे कोणाला माहीत नाही.

तिसरा उद्देश कागदावर आल्यावर पहिले सार्वजनिक काम कोणते घेतले ठाऊक आहे? सार्वजनिक संडास. हसू नका. १९०७ मध्ये त्यांनी शहरातल्या संस्थांना एकत्र बोलावले आणि सिटी हॉलजवळ स्त्री-पुरुषांसाठी शौचालय बांधावे अशी मागणी लावून धरली. विरोध जोराचा झाला. दारू गाळणाऱ्यांचा संघ म्हणाला, आमच्या गुत्त्यांमधून पुरुषांची सोय आहेच. म्हणजे लघवीला जायचे तर आधी बियर घ्यायची. मोठ्या दुकानदारांनी सांगितले, बायकांची सोय आमच्या दुकानांतून आहे. म्हणजे तिथे आधी खरेदी. दोन वर्षे खटपट चालली आणि १९०९ मध्ये शौचालय झाले.

आम्हा नर्सेसना हे काम किती मोठे ते वेगळे सांगायला नको. मुंबईत शिकत असताना सुट्टीच्या दिवशी फोर्टात किंवा दादरला जायचे तर आम्ही सकाळपासून पाणी पीत नसू. बाहेर बायकांना जायला जागा नव्हती. ओपीडीत मूत्रमार्गाच्या विकाराच्या बायका यायच्या, त्यांना कारण विचारले की त्या खाली मान घालायच्या. तेव्हा सुटाबुटातल्या त्या व्यापाऱ्यांनी पहिले काम म्हणून पुतळा किंवा कारंजे उभारले नाही, हे वाचून त्यांच्याबद्दल आमचा आदर वाढला.

खुर्चीबद्दलही सांगण्यासारखे आहे. क्लबाची कल्पना हॅरिसची, पण पहिला अध्यक्ष तो झाला नाही. शीले झाला. हॅरिसची पाळी तिसरी, १९०७ मध्ये. आणि अध्यक्ष झाल्यावर त्याने दुसऱ्या शहरांतून क्लब काढण्याचा ध्यास घेतला, तो पुष्कळ सभासदांना आवडला नाही. आपला क्लब छान चालला आहे, उगाच पसारा कशाला, असे म्हणणारे तिथेही होते. १९०८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला दुसरा क्लब निघाला. ऑगस्ट १९१० मध्ये सोळा क्लबांचे प्रतिनिधी शिकागोत जमले आणि राष्ट्रीय संघ झाला. त्याचा अध्यक्ष हॅरिस, आणि चिटणीस चेस्ली पेरी. हा पेरी १९४२ पर्यंत चिटणीस होता. बत्तीस वर्षे! सभांचे वृत्तांत, पत्रे, हिशेब, मासिक, सारे त्याने सांभाळले. हॅरिस म्हणत असे की नकाशा आपण काढला असेल, पण इमारत पेरीने बांधली. आपल्या सिनेगॉगचे जमाखर्चाचे वहीखाते ज्यांनी वर्षानुवर्षे लिहिले ते मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांनी वर बघायला हरकत नाही.

पुढचा विस्तार तुम्हाला साधारण माहीत आहे. १९२० मध्ये कलकत्ता, १९२९ मध्ये मुंबई, आणि त्याच वर्षी जेरुसलेमलाही क्लब निघाला.

पण ही माणसे काही संत नव्हती, आणि त्यांचे दोष झाकून ठेवले तर आमचे सांगणे अर्धवट राहील. एका धंद्याचा एक माणूस या नियमाने कितीतरी जण बाहेर राहिले. पहिल्या महायुद्धातून परत आलेला हॅल रॉजर्स हा कॅनडातला तरुण. हॅमिल्टन गावी बापाच्या धंद्यात आला, रोटरीत जाऊ पाहत होता. पण त्या धंद्याचे सभासद त्याचे वडील आधीच होते, म्हणून त्याला घेतले नाही. पोरगा रुसून बसला नाही. २० फेब्रुवारी १९२० रोजी आपल्या वयाच्या मुलांना जमवून त्याने किन्समेन क्लब काढला. दुसऱ्या महायुद्धात त्याच किन्समेननी इंग्लंडच्या मुलांना पाच कोटी क्वार्ट दुधाची भुकटी पोचवली. टिपत हलाव म्हणजे दुधाचा थेंब. ज्यांनी तिथे जन्म घालवला त्यांना हा आकडा पाठ व्हायचाच.

आणि बायका? बायकांना रोटरीत दारच नव्हते. सभासदांच्या बायकांनी चहा करावा, सणाला सजावट करावी. इथल्या बायका हसताहेत, पुरुष का हसत नाहीत? १९२३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये मँचेस्टरला सत्तावीस बायका जमल्या, त्या सभासदांच्याच पत्नी. जागा कुठली, तर एका तुर्की हमामखान्यातली, आंघोळीनंतर अंग निववायला बसतात ती खोली. फुकट मिळाली म्हणून. पुढे निघणाऱ्या मासिकात किंवा वर्तमानपत्रात छापायला काही शोभिवंत जागा नव्हे. त्यांची पुढारी मार्गारेट गोल्डिंग, आणि सांगायला आनंद वाटतो की ती शिकलेली नर्स होती. तिने नियम, हिशेब, कामाच्या वाटण्या सगळे नीट लावून दिले आणि जानेवारी १९२४ मध्ये इनर व्हील क्लब सुरू झाला. वॉर्ड चालवलेल्या बाईला क्लब चालवणे काय जड?

आपल्याकडे तर डॉ. जेरुशा झिराडनी बेने इस्राएल स्त्री मंडळ मुंबईत १९१३ सालीच काढले होते, म्हणजे मँचेस्टरच्या दहा वर्षे आधी. त्या पुढे कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या. आमच्या आया-मावश्या त्यांचे नाव घेताना पदर सारखा करीत. ही आठवण आजच्या दिवशी करून दिली पाहिजे, कारण महिला मंडळ म्हणजे पुऱ्या तळणारे मंडळ असा समज काही ठिकाणी आहे.

रोटरीत बायकांना थेट सभासदत्व मिळायला कोर्टात जावे लागले. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते गावच्या क्लबाने १९७७ मध्ये तीन बायकांना सभासद केले, म्हणून १९७८ मध्ये त्या क्लबालाच काढून टाकले. तो क्लब बंद पडला नाही. चिन्हावर फुली मारून ते लोक जमतच राहिले आणि लढले. मे १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल बायकांच्या बाजूने दिला, आणि १९८९ मध्ये रोटरीने आपला नियमच बदलला. १९०५ ते १९८९. चौऱ्याऐंशी वर्षे.

आता आपली खालची खोली.

नव्या मंडळींसाठी सांगतो. त्या खोलीत सहा व्हीलचेअर, अकरा वॉकर, चार कमोडच्या खुर्च्या, दोन वाफेची यंत्रे आणि एक हलवता येणारा पलंग आहे. आपली माणसे गेली, त्यांच्या घरच्यांनी शिव्हा उठल्यावर वस्तू आणून दिल्या. आम्ही मंडळाच्या बायकांनी त्या धुतल्या, चाकांना तेल घातले, चादरी टाकून ठेवल्या. नियम असा की फक्त आपल्या सभासदांना द्यायच्या. नियम आम्हीच केला. त्या वेळी वस्तू थोड्या होत्या आणि माणसे पुष्कळ होती.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात समोरच्या इमारतीतली बाई आली. मोरोक्कोची आहे, वयाने आमच्याएवढी. नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता आणि त्याला चार-पाच दिवसांत घरी पाठवणार होते. खुर्ची मिळेल का, विचारत होती. किल्ली आमच्या हातात होती. आम्ही तिला सांगितले की सभासदांसाठी आहे, मंडळाला विचारावे लागेल. विचारले. मंडळाची सभा तीन आठवड्यांनी भरली आणि त्या सभेत, नियम मोडला तर उद्या सगळी वस्ती दारात येईल, असे ठरले. त्या मधल्या दिवसांत तिचा मुलगा बापाला स्वैपाकघरातल्या खुर्चीत बसवून, खुर्ची ओढत, न्हाणीघरात नेत होता. आम्हाला जिन्यातून दिसत असे. सहाच्या सहा व्हीलचेअर खाली चादरीखाली होत्या. पेसाख संपला त्या रात्री, मिमुनाला, दरवर्षीप्रमाणे तिने आमच्या घरी मुफलेता पाठवले. ताट रिकामे परत कसे करायचे, म्हणून आम्ही त्यात शिऱ्याची वाटी ठेवली. आणि काय ठेवणार?

याद सारा आहे ना, असे विचारणारे विचारतील. आहे, आणि फार उत्तम आहे. पण तो उभा कसा राहिला? जेरुसलेममधल्या उरी लुपोलियान्स्की नावाच्या शिक्षकाने आजारी मुलासाठी शेजाऱ्याकडून वाफेचे यंत्र मागून आणले, आणि मग अशी यंत्रे घेऊन ती इतरांना उसनी द्यायला लागला. १९७६ सालची गोष्ट. शेजाऱ्याने तेव्हा सभासदत्वाची पावती विचारली नाही.

दुसरी हरकत अशी की वस्तू परत येणार नाहीत. काही येणार नाहीत, हे खरे. हॉस्पिटलात आम्ही थर्मामीटर मोजून घेत असू तरी महिन्याला दोन कमी भरत. म्हणून ठेव घ्यायची, ओळखपत्राचा नंबर लिहून ठेवायचा आणि तीन महिन्यांनी फोन करायचा. तिसरी हरकत, आपल्याच माणसाला लागली आणि नसली तर? त्यासाठी ठरावात दोन व्हीलचेअर आणि तीन वॉकर राखून ठेवले आहेत. हा आकडा आम्ही पाच वर्षांची वही बघून काढला. एका वेळी दोनपेक्षा जास्त खुर्च्या आपल्या सभासदांना कधी लागलेल्या नाहीत. उरलेल्या चार बसून असतात.

आणि चौथी हरकत उघड कोणी बोलत नाही, ती आम्ही बोलतो. आपण हे सारे आपल्यासाठी कष्टाने उभे केले. आपल्याला इथे काय सोसावे लागले, आपल्या यहुदीपणावर कोणी संशय घेतला, १९६४ पर्यंत आपल्या लग्नांसाठी काय भांडावे लागले, तेव्हा शेजारचे आले होते का? काही आले, पुष्कळ आले नाहीत. हे दुःख खरे आहे आणि ते विसरा असे सांगायला आम्ही उभ्या नाही. पण ती समोरची बाई तेव्हा स्वतः माबारात होती, चार वर्षांची.

ठराव महिला मंडळाने दिला आहे. रविवार आणि बुधवार, दुपारी चार ते सहा खोली उघडी राहील. तपासणीचे आणि वस्तू कशी वापरायची ते दाखवण्याचे काम आम्ही निवृत्त नर्सेस करू. आम्ही तिघी आहोत आणि एकीचे गुडघ्याचे ऑपरेशन व्हायचे आहे. म्हणून आणखी चार माणसे हवीत, पुरुष चालतील. हिब्रू लिहिता येणारी तरुण मुले असली तर फार बरे, कारण आमचे अक्षर बघून लोक औषधाची चिठ्ठी समजतात. नावे लिहायची वही मागे, चपलांच्या कपाटाशेजारच्या टेबलावर ठेवली आहे. पेन दोऱ्याने बांधले आहे. मागच्या वर्षी तीन गेली.